लाख, जवस आणि टेबल: सीताबर्डी परिसराच्या संदर्भात लाकडावरील निसर्गजन्य जलरोधक लेपांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पर्यावरणपूरक वस्तूंचा विचार आज सर्वत्र होत आहे. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात हरित लेखापरीक्षणाचा समावेश झाल्यापासून परिसरातील झाडे, विजेचे दिवे, पाण्याचा वापर व कचरा यांची नोंद ठेवली जाऊ लागली आहे. मात्र ज्या टेबलावर ही नोंद लिहिली जाते, त्या टेबलाच्या पृष्ठभागाचा विचार त्यात सहसा होत नाही. हा पृष्ठभाग बहुधा सनमायक्याचा असतो किंवा त्यावर पॉलियुरेथेनचे पॉलिश असते. पाणी, चहा किंवा शाई सांडली तरी त्याला काही होत नाही. ते टेबल मोडीत निघाल्यावरही त्याच्या पृष्ठभागाला काही होत नाही, ही त्याच गुणाची दुसरी बाजू होय.

पाणी अडवील, परंतु कालांतराने मातीत मिसळून जाईल असा लेप टेबलाला देता येईल काय, हा प्रश्न नवा वाटत असला तरी त्याला इतिहास आहे. विदर्भाच्या जंगलात लाख होती आणि शेतात जवस होता. या दोन पदार्थांनी जगभरच्या लाकडी सामानाला दीर्घकाळ संरक्षण दिले. प्रस्तुत निबंधात नागपूरच्या सीताबर्डी परिसराचा संदर्भ घेऊन या लेपांचा उदय, वापर व ऱ्हास यांचा मागोवा घेतला आहे. हे लेप केवळ निकृष्ट होते म्हणून मागे पडले, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासणे हा या निबंधाचा मुख्य हेतू होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सीताबर्डी परिसरात टेबलाचा वापर कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत रुजला, हे पाहणे.
२) लाख व जवसाचे तेल यांच्या जलरोधक गुणांचा व मर्यादांचा परामर्श घेणे.
३) या लेपांची जागा कृत्रिम पदार्थांनी कशी घेतली, याची कारणमीमांसा करणे.
४) आजच्या काळात या लेपांच्या पुनर्वापराच्या शक्यता व अटी स्पष्ट करणे.

निबंधासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधनांचा आधार घेतला आहे.

१. सीताबर्डी आणि टेबलाचे आगमन

नागपूरच्या राजकीय इतिहासात सीताबर्डीच्या टेकडीला विशेष स्थान आहे. दि. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य व ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात येथे लढाई झाली आणि तिच्या निकालाने नागपूरच्या भोसल्यांची सत्ता परावलंबी झाली. तिसरे रघूजी भोसले यांचे १८५३ मध्ये निधन झाले व पुढील वर्षी हे राज्य खालसा करण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, तर १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपुरास पोहोचली.

या घटनांचा टेबलाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. तो संबंध असा की, नव्या राज्यव्यवस्थेबरोबर नवी बैठकव्यवस्था आली. मराठी कारभाराची बैठक जमिनीवर होती. गादी, तक्क्या, लोड आणि कारकुनापुढे ठेवलेले उतरते ठेंगणे डेस्क, असे तिचे स्वरूप होते. इंग्रजी कचेरी, न्यायालय, शाळा व प्रयोगशाळा यांची बैठक खुर्चीवर होती व काम टेबलावर होते. मध्यवर्ती संग्रहालय (१८६३), हिस्लॉप महाविद्यालय (१८८३), मॉरिस महाविद्यालय (१८८५), महाराजबागेलगतची कृषी शाळा (१८८८) व तिच्यातून पुढे १९०६ मध्ये उभे राहिलेले कृषी महाविद्यालय या संस्था सीताबर्डी व तिच्या लगतच्या भागात वाढल्या. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. या सर्व संस्थांच्या कामाचा आधार टेबल हाच होता. ‘मेज’ व ‘टेबल’ हे दोन्ही शब्द मराठीत परभाषांतून आले, हेही या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

टेबलापूर्वीच्या मराठी घरात लाकडी वस्तू नव्हत्या असे नाही. पाट, चौरंग, देव्हारा, पेटारा, पाळणा या वस्तू घरोघर होत्या. परंतु ज्यावर पाणी तासन्‌तास साचून राहील असा रुंद, आडवा लाकडी पृष्ठभाग त्यात क्वचितच होता. पाट वापरून झाला की भिंतीशी उभा केला जाई. चौरंग पुसून, कोरडा करून ठेवला जाई. गोल बुडाच्या भांड्याखाली चुंबळ असे व ताटाखाली अडणी असे. जेवण पत्रावळीवर वाढले जाई. विदर्भात ही पत्रावळ प्रामुख्याने पळसाच्या पानांची असे. आमटीचे पाणी जेवण संपेपर्यंत थोपवणारी आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यात खत होऊ लागणारी पत्रावळ हा निसर्गजन्य जलरोधक पृष्ठभागाचा या प्रदेशातील सर्वांत परिचित नमुना म्हणावा लागेल.

टेबलाने ही स्थिती पालटली. अनेक फळ्या जोडून केलेला त्याचा माथा कायम आडवा राहतो. त्यावर दौत, पाण्याचा पेला आणि पुढे चहाचा कप आला. नागपूरचा उन्हाळा लाकडाला कोरडे करून आकसवतो आणि त्यापाठोपाठ येणारा पावसाळा त्याला फुगवतो. अशा वेळी सांध्यांतून व फळीच्या टोकाकडील उघड्या रंध्रांतून पाणी आत शिरते, लाकूड वाकते व त्याला बुरशी धरते. चांदा भागातील सागवान या दृष्टीने श्रेष्ठ ठरले, कारण त्यात नैसर्गिक तेल असते व ओलाव्याने ते फारसे हलत नाही. तरीही शाई व चहाचे डाग सागालाही पडतात. त्यामुळे टेबल आले तसा त्यावर लेप देण्याचा प्रश्नही आला.

२. लाख: जंगलातील रोगण

लाख हा केरिया लॅका या सूक्ष्म कीटकाचा स्राव होय. पळस, बोर व कुसुम ही त्याची प्रमुख यजमान झाडे. पळस व बोरीवर ‘रंगीनी’ जातीची, तर कुसुमावर ‘कुसुमी’ जातीची लाख होते. रंगीनीची बैसाखी व कतकी, तर कुसुमीची अगहनी व जेठवी अशी वर्षाला प्रत्येकी दोन पिके घेतली जातात. विदर्भातील गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत ही झाडे विपुल आहेत. गोंदिया येथे लाखेवर प्रक्रिया करणारे कारखाने होते. ज्या पळसाने जेवणासाठी पत्रावळ दिली, त्याच पळसाने टेबलासाठी लेप दिला, ही बाब या प्रदेशाच्या निसर्गसंपत्तीवर प्रकाश टाकणारी आहे.

भारतीय समाजाला लाखेची ओळख अतिप्राचीन आहे. अथर्ववेदात लाक्षेचे सूक्त आहे. महाभारतातील लाक्षागृहाच्या कथेत लाखेचा ज्वालाग्राही गुण केंद्रस्थानी आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त चिकाच्या पडद्यांना द्यावयाच्या रंगीत लाखेचे प्रमाण नमूद केलेले आढळते, यावरून सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाखेचा वापर लेप म्हणूनही होत होता, हे स्पष्ट होते. मध्य प्रांतात लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा जातीचे वर्णन रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील ग्रंथात आहे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीत, चिताऱ्यांनी लाकडी खेळणी, पाट व गंजिफा यांवर लाखेच्या लेपाची कला जोपासली. चित्र पाण्याने पुसू नये यासाठी त्यावर दिलेला लाखेचा थर हा तेथील कलेचा अविभाज्य भाग आहे.

झाडावरून खरवडलेली काडी लाख कुटून व धुऊन दाणेदार चौरी तयार होते. ती कापडी पिशवीत घालून तापवली की वितळलेली लाख गाळून निघते. तिचे पातळ पत्रे ताणून काढले की चपडा तयार होतो. चपडा पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. हेच सुताराचे लाखेचे पॉलिश होय. कापसाचा बोळा स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्याने या द्रावणाचे पातळ हात एकावर एक दिले जातात. स्पिरिट उडून जाते व लाखेचा चकचकीत पापुद्रा लाकडावर उरतो. युरोपात एकोणिसाव्या शतकात ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून जी पद्धत प्रतिष्ठित झाली, तिचा कच्चा माल मुख्यतः भारतीय जंगलांतून जात होता.

या लेपाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. चपडा साधारणतः ७५ ते ८० अंश सेल्सिअस तापमानास वितळतो व त्याआधीच मऊ पडू लागतो. त्यामुळे गरम चहाच्या कपाखाली तो टिकत नाही. पाणी बराच वेळ साचले तर ओलावा पापुद्र्यात शिरतो व पांढरे वर्तुळ उमटते. मद्यार्काने तो विरघळतो आणि साबण-सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थांनी खराब होतो. याचा अर्थ लाख हवेतील दमटपणा व क्षणभराचे सांडलेले पाणी यांपासून चांगले संरक्षण देते, परंतु उष्णता व साचलेले पाणी यांपुढे ती हार मानते.

३. जवस: शेतातील रोगण

जवस किंवा अळशी हे विदर्भाचे जुने रब्बी पीक आहे. पूर्व विदर्भातील भातपट्ट्यात उभ्या धानात जवस पेरण्याची उतेरा पद्धत प्रचलित आहे. जवसाची चटणी व तेल हे वैदर्भीय आहाराचे घटक आहेत. नागपूरचे कृषी महाविद्यालय जवसाच्या संशोधनाचे केंद्र राहिले असून ‘एनएल’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे जवसाचे वाण तेथून प्रसृत झाले. सीताबर्डीच्या बाजारापासून हे महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे.

जवसाच्या तेलाचे वैशिष्ट्य असे की ते ‘सुकते’. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल लाकडाला लावले तर ते चिकट राहते. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण जवळपास निम्मे असते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन या तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात व द्रवाचे लवचीक घन पदार्थात रूपांतर होते. ही क्रिया लाकडाच्या रंध्रांच्या आतही घडते. त्यामुळे लाख पृष्ठभागावर बसते, तर जवसाचे तेल लाकडात मुरते. लाखेचा पापुद्रा उष्णतेने मऊ होतो, तसा सुकलेल्या तेलाचा थर पुन्हा वितळत नाही. मात्र तो पाणी पूर्णपणे अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो.

कच्चे तेल सुकण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागतात. हा वेळ वाचवण्यासाठी तेल तापवून त्यात धातूंची संयुगे मिसळण्याची प्रथा पडली. त्यासाठी मुरदाडशिंगाचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा वापर जगभर होत असे. पुढे कोबाल्ट व मँगनीजची संयुगे आली. शिसे विषारी आहे. म्हणून ‘जुने ते सर्व निर्मळ’ असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. बाजारात ‘उकळलेले तेल’ म्हणून मिळणाऱ्या तेलात आजही बहुधा अशी सुकवणारी संयुगे असतात.

जवसाच्या तेलाचा सर्वांत यशस्वी जलरोधक आविष्कार मात्र इंग्लंडमध्ये झाला. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात जवसाचे तेल हवेने घट्ट करून त्यात राळ, बुचाच्या झाडाची पूड इत्यादी मिसळून व तागाच्या कापडावर थापून ‘लिनोलियम’ तयार केले. जमिनीवर अंथरण्यासाठी निघालेला हा पदार्थ लिहिण्याच्या टेबलांच्या माथ्यावरही चढला व त्या स्वरूपात तो आजही तयार होतो. पाणी अडवणारा आणि तरीही मुख्यतः वनस्पतिजन्य असा हा पृष्ठभाग होता. त्याच्या घटकांपैकी जवस व ताग ही दोन्ही पिके भारतात मोठ्या प्रमाणावर होत होती.

४. कच्चा माल गेला, डबा परत आला

जवस व लाख या दोन्ही पदार्थांचा वसाहतकालीन इतिहास एकाच दिशेने जातो. रेल्वे नागपुरास पोहोचल्यानंतर मध्य प्रांतातील जवस मुंबई बंदरातून युरोपात जाऊ लागला. तो तेल म्हणून फार कमी आणि बी म्हणून अधिक गेला. तेल गाळणे, रंग व वार्निश बनवणे, लिनोलियम तयार करणे हे उद्योग इंग्लंडमध्ये वाढले व तयार माल डब्यांतून भारतात परत आला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अर्जेंटिनाचा जवस स्पर्धेत उतरला आणि भारतीय जवसाचे जागतिक बाजारातील स्थान घसरले.

लाखेचे भवितव्यही बाहेरच्या मागणीवर अवलंबून राहिले. १८९० च्या दशकापासून ध्वनिमुद्रिका लाखेच्या मिश्रणाने तयार होऊ लागल्या. विजेच्या उद्योगाला रोधक म्हणून लाख हवी होती. मागणी वाढली, परंतु कीटकाचे उत्पादन त्या वेगाने वाढवता येत नव्हते. लिओ बेकलँड यांनी लाखेला पर्याय शोधण्याच्या प्रयत्नातूनच १९०७ मध्ये बेकेलाइट हे पहिले संपूर्णपणे कृत्रिम प्लॅस्टिक तयार केले. त्याच जातीच्या राळेत कागद भिजवून, दाबून केलेले तक्ते १९१० च्या दशकात ‘फॉर्मायका’ या नावाने निघाले. पुढे मेलामाइनची जोड मिळून ते टेबलांवर सर्वत्र बसले. भारतात ‘सनमायका’ हे व्यापारी नाव अशा सर्व तक्त्यांचे सामान्यनाम झाले. १९३७ मध्ये ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन सिद्ध केले. १९४८ मध्ये विनाइलची दीर्घवादन ध्वनिमुद्रिका आली आणि लाखेची आणखी एक बाजारपेठ आटू लागली.

येथे एक ऐतिहासिक विसंगती लक्षात येते. ज्या सनमायक्याने टेबलावरून लाखेला हटवले, त्याचा मूळपुरुष लाखेच्या पर्यायाच्या शोधातूनच जन्मला. लाख नाकारली गेली ती निरुपयोगी होती म्हणून नव्हे. ती इतकी उपयोगी ठरली की जंगल तिची मागणी पुरवू शकले नाही.

भारतात संशोधनाचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. लिंडसे व हार्लो यांच्या १९२१ मधील अहवालानंतर १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे भारतीय लाख संशोधन संस्था स्थापन झाली. नागपुरात, कामठीचे खाणउद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये निधनापूर्वी विद्यापीठास दिलेल्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेल व रंग यांचे तंत्रज्ञान हे तेथील अध्यापनाचे महत्त्वाचे विषय राहिले. २०२३ मध्ये या संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वर्ध्यात १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व मगनवाडीत तेलघाणीवर काम सुरू झाले. या संघाचे प्रमुख जे. सी. कुमारप्पा यांनी क्षय पावणारी साधने व निसर्गचक्रात पुन्हा निर्माण होणारी साधने यांत भेद करून दुसऱ्या प्रकारावर आधारलेल्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कार केला. जवस व लाख ही दोन्ही या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

५. लेप आणि निगा

निसर्गजन्य लेपांच्या ऱ्हासाचे कारण केवळ रसायनशास्त्रात शोधले तर चित्र अपुरे राहते. लाख व जवस यांचे दोष एकोणिसाव्या शतकातही ठाऊक होते, तरीही ते लेप वापरात होते. याचे कारण त्या काळातील समाजाने लेप कायमचा असावा अशी अपेक्षा केलेली नव्हती.

मराठी घराची व्यवस्थाच पुनर्लेपनावर उभी होती. मातीची जमीन दर काही दिवसांनी शेणाने सारवली जाई. पितळेच्या भांड्यांना ठरावीक काळाने कल्हई केली जाई व त्यासाठी कल्हईवाला दारी येई. पावसाळ्यापूर्वी घर शाकारले जाई, म्हणजे कौले, विदर्भात कवेलू, उतरवून पुन्हा नीट बसवले जाई. यांपैकी कोणतेही काम एकदाच करून संपणारे नव्हते. सारवण उडाले म्हणून कोणी शेणाला दोष दिला नाही आणि कल्हई गेली म्हणून कोणी पातेले फेकले नाही.

लाखेचे पॉलिश याच परंपरेत बसणारे होते. टेबलावर पांढरे वर्तुळ उमटले तर पॉलिशवाला स्पिरिटचा बोळा फिरवून जुनाच पापुद्रा थोडा विरघळवी व त्यावर नवा हात देई. नवी लाख जुन्या लाखेत एकजीव होते. तेलाच्या लेपालाही हेच लागू पडते. डाग पडलेला भाग घासून तेवढ्याच जागी पुन्हा तेल देता येते. पॉलियुरेथेनच्या थरावर ओरखडा पडला तर असे सहज करता येत नाही. बहुधा संपूर्ण थर घासून काढावा लागतो. सनमायक्याचा पापुद्रा निघाला तर तो तक्ताच बदलावा लागतो. अशा प्रकारे जुना लेप दुबळा परंतु दुरुस्त होणारा होता, तर नवा लेप बळकट परंतु दुरुस्तीला नाखूश आहे.

या कामाला ऋतूचेही बंधन होते. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते व लाख पांढरी पडते. म्हणून लाखेचे पॉलिश कोरड्या हवेत करावे लागते. जवसाचे तेल ऊब व प्रकाश मिळाल्यास लवकर सुकते. नागपूरचा एप्रिल-मे या दृष्टीने अनुकूल होय. शाकारणी व पॉलिश या दोन्ही कामांचा हंगाम अशा रीतीने पावसाळ्यापूर्वीच येतो.

निगेच्या या व्यवस्थेची किंमत कोण चुकवीत होते, याचाही विचार करणे आवश्यक आहे. सारवण्याचे श्रम घरातील स्त्रियांचे होते. कल्हईवाला व पॉलिशवाला यांची मजुरी अल्प होती आणि धूर व स्पिरिटची वाफ त्यांच्याच छातीत जात होती. जंगलातून लाख गोळा करणाऱ्यांना बाजारभावाच्या चढउतारावर विसंबून राहावे लागे. सनमायक्याने अनेकांची या श्रमांतून सुटका केली. त्याच्या लोकप्रियतेमागे हा दिलासाही होता, हे मान्य केल्याशिवाय ऐतिहासिक न्याय होणार नाही.

६. वर्तमानातील शक्यता व अटी

पाणी अडवणे आणि कुजून जाणे या दोन अपेक्षांमध्ये मूलतः ताण आहे. सूक्ष्मजीवांना लेप पचवण्यासाठी ओलावा लागतो व जलरोधक लेप तोच नाकारतो. म्हणून पूर्ण जलरोधक, कायम टिकणारा आणि तरीही जैवविघटनशील असा एकच लेप शोधणे व्यवहार्य ठरत नाही. परंपरेने हा ताण वेगळ्या मार्गाने सोडवला. तिने मध्यम प्रतीचा लेप स्वीकारला, वेळोवेळी तो नवा केला आणि पाणी टेबलावर राहणारच नाही अशी सवय लावली.

या दृष्टीने आजही पुढील उपाय करता येण्यासारखे आहेत. सागासारख्या पक्व लाकडाच्या घासून गुळगुळीत केलेल्या माथ्यावर, विशेषतः फळीच्या टोकांकडील बाजूंना, धातुसंयुगे न मिसळलेल्या जवसाच्या तेलाचे अतिशय पातळ हात द्यावेत. दहा-पंधरा मिनिटांनी न मुरलेले तेल पुसून घ्यावे व प्रत्येक हातानंतर तो पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. जाड हात दिल्यास पृष्ठभाग चिकट राहतो. शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा हलका थर चोळल्यास सांडलेल्या पाण्याचे थेंब पृष्ठभागावर उभे राहतात. मात्र मेण ६२ ते ६४ अंशांना वितळत असल्याने गरम भांड्यांसाठी ते पुरेसे नाही. ज्या टेबलावर कागद व पुस्तकेच ठेवली जातात तेथे लाखेचे पॉलिश उत्तम काम देते. ज्यावर चहापाणी होते तेथे तेल व मेण अधिक योग्य होय. अडणीचा वापर कोणत्याही लेपाइतकाच उपयुक्त आहे.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकल्यास सुकताना निर्माण होणारी उष्णता साठून ती आपोआप पेट घेऊ शकतात. अशी फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. निसर्गजन्य म्हणजे निर्धोक असे समीकरण करता येत नाही, याचे हे आणखी एक उदाहरण होय.

शुद्ध लाख खाद्यपदार्थांवर व औषधी गोळ्यांवरही लेप म्हणून वापरली जाते. मात्र पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मिसळलेला मिथेनॉल विषारी असतो. म्हणून लेप पूर्ण सुकेपर्यंत खोली हवेशीर ठेवणे आणि काम करणाऱ्याच्या आरोग्याची काळजी घेणे ही जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची आहे.

निष्कर्ष

१) सीताबर्डी परिसरात टेबल हे नव्या राज्यव्यवस्थेबरोबर व शिक्षणसंस्थांबरोबर रुजले. त्यापूर्वीच्या मराठी घरात पाणी साचेल असे लाकडी पृष्ठभाग फारसे नसल्याने जलरोधक लेपाची गरज मर्यादित होती.

२) लाख व जवस या विदर्भात होणाऱ्या पदार्थांत लाकडाच्या संरक्षणाचे गुण निश्चितपणे आहेत. लाख हवेतील ओलावा चांगली अडवते परंतु उष्णतेला टिकत नाही. जवसाचे तेल लाकडात मुरते परंतु पाणी पूर्णतः रोखत नाही.

३) हे लेप केवळ निकृष्टतेमुळे मागे पडले, हा समज अपुरा आहे. लाखेचा मर्यादित पुरवठा, कच्च्या मालाच्या निर्यातीवर आधारलेली वसाहतकालीन अर्थव्यवस्था आणि पुनर्लेपनाची मोडलेली घडी ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

४) निसर्गजन्य लेपाची खरी ताकद त्याच्या दुरुस्तीयोग्यतेत होती. कल्हईप्रमाणेच पॉलिश हीदेखील नियतकालिक सेवा होती. ती सेवा देणारा कारागीर नाहीसा होत गेला तेव्हा कायमस्वरूपी लेप अपरिहार्य वाटू लागला.

५) शैक्षणिक संस्थांना पर्यावरणपूरक फर्निचर हवे असेल तर खरेदीच्या वेळी लेपाचा प्रकार विचारणे पुरेसे होणार नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टेबलांच्या पुनर्लेपनासाठी वेळ, निधी व कुशल कारागिराची रास्त मजुरी यांची तरतूद करावी लागेल. अशी तरतूद झाल्यास गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातील लाखेला आणि पूर्व विदर्भाच्या धानाच्या बांधीतील जवसाला नागपुरातच एक स्थिर ग्राहक मिळू शकेल. तशी तरतूद न करता केवळ निसर्गजन्य लेप निवडला तर दोन पावसाळ्यांतच टेबल खराब होईल, आणि त्याचा दोष पुन्हा एकदा लाखेला व जवसाला दिला जाईल.